हाकेची गाडी

नारायणगावात कांतीशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथं भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, आमच्या शेजारच्या बबनआप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, शेठच्या उजव्या हातावर टाकलं आणि त्याखाली शेठची दोन बोटं घट्ट धरली. शेठ दचकला. आप्पांनी डोळे मिटले, बोटं दाबली, सोडली, पुन्हा धरली. मग डोळे उघडून म्हणाले, "बोला शेठ. देताय का?"

सौदा दोन मोटरींचा होता. मोटरी कसल्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या, काडेपेटीपेक्षा थोड्या लांब. कॉलेजातल्या मुलांना प्रोजेक्टसाठी लागतात म्हणून कांतीशेठ ठेवतो. त्यांची किंमत पाकिटावर छापलेली होती, ती मी आप्पांना दोनदा वाचून दाखवली होती. पण आप्पांनी चाळीस वर्षं बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केली. किंमत तोंडानं बोलणं त्यांना उघड्यावर कपडे बदलण्याइतकं लाजिरवाणं वाटतं. बाजारात चार माणसं कान टवकारून उभी असतात, म्हणून भाव उपरण्याखाली बोटांनी सांगायचा. कांतीशेठच्या घराण्याला राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झाल्या, त्याचं मराठी माझ्याहून खणखणीत आहे, पण स्वतःची बोटं अशी सौद्यात द्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"आप्पा, छापील किंमत आहे हो," तो केविलवाणा होऊन आप्पांच्या कानाशी ओरडला.

"छापील किंमत त्या पाकिटाची. मालाची सांगा."

मी लांब जाऊन पंखे बघायला लागले. बोरी बुद्रुकच्या हायस्कुलात वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ओळखणारे लोक नारायणगावातही निघतात.

आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोबो बनवायची दुर्बुद्धी का झाली, ते सांगायला हवं. आणि त्यात माझा दोष किती, तेही.

आप्पांची बायको शेवंतामावशी. न्हाणीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण कित्येक महिने खाट सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मावशींची खाट मधल्या खोलीत. आप्पांची जागा बाहेर ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून. दिवेलागणीला, बिबट्याच्या धाकानं सगळं गाव दारं लावून घेतं, तेव्हाच ते आत येणार. आणि आप्पांना ऐकू येत नाही. कमी येतं असं ते म्हणतात. खरं म्हणजे ट्रॅक्टर अंगावर आला तर येतं, नाहीतर अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर. कानात घालायचं यंत्र लेकीनं आणून दिलं होतं, ते त्यांनी तीन दिवस वापरलं आणि "आतमधी कुनीतरी चिवडा खातंय" म्हणून डबीत ठेवून दिलं.

एके दिवशी मी शाळेतून आले तर मावशींची हाक माझ्या दारापर्यंत येत होती. "अवं... ऐकलं का..." आवाज पार बसलेला. तांब्या खाटेखाली सांडला होता आणि त्या किती वेळ पाण्यासाठी हाका मारत होत्या कोण जाणे. त्यांच्यापासून दहा पावलांवर आप्पा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते.

माझं तोंड गप्प राहत नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या लेकीला, मंगलला, फोन केला. मंगल चाकणला कंपनीत आहे. मुलगी गुणाची, पण बापासारखीच एकदा बोलली की बोलली. "पंधरा दिवसांत आईची काहीतरी सोय करा," तिनं आप्पांना येऊन सांगितलं, "नाहीतर मी तिला घेऊन जाते." तिच्या दीड खोलीत आईची खाट मावत होती. आप्पा मावत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी सायन्सच्या ना?"

"हो आप्पा."

"मग मला एक बैल बनवून द्या. तिच्या खाटंपास्नं सुटंल, आन् ओट्यावर येऊन माझ्या पायाला ढुशी मारंल. बास. दुसरं काय काम न्हाई त्याला."

मी त्यांना समजावलं. दिवा लागणारी बेल मिळते, ती लावू. आप्पा म्हणाले, "दिवा माझ्या पाठीमागं लागनार, मी रस्त्याकडं बघनार." खिशात थरथरणारा फोन ठेवू. "माझे हातपाय आधीच थरथरत्यात, त्यात फोन कंचा वळखायचा?" मग मी म्हणाले, तुम्हीच आत बसा की मावशींजवळ. त्यावर ते इतक्या नवलानं माझ्याकडं बघायला लागले, जणू मी त्यांना साडी नेसायला सांगितलं होतं. त्या पिढीतला गडी दिवसाढवळ्या बायकोच्या खाटेजवळ बसत नाही. लोक काय म्हणतील?

तर असा तो बैल. त्याला रोबो म्हणायचं मी सुचवलं, पण ते नाव त्यांना पटलं नाही. त्यांनी त्याला शेवटपर्यंत गाडीच म्हटलं.

मी मोबाइलवर शोधून काढलं. जमिनीवरच्या पट्ट्यावरून चालणारी एक छोटी गाडी असते. दोन मोटरी, दोन चाकं, पुढं चाकासारखी फिरणारी एक मोकळी गोळी, खालच्या अंगाला काळं-पांढरं ओळखणारे दोन डोळे आणि ते डोळे जे बघतील त्याप्रमाणे मोटरी थांबवणारी सर्किटची एक तयार पाटी. सगळा संच घरपोच येतो. मी मोठ्या उत्साहानं चित्र दाखवलं.

"न बघता जनावर घ्यायचं?" आप्पा म्हणाले. "बाई, पगार लई झालाय का तुमाला?"

म्हणून मग माझ्या स्कूटरवर मागं आप्पा, आणि आम्ही नारायणगावला.

मोटर त्यांनी बैलासारखीच पारखली. आधी लांबून बघितली. मग आस हातानं फिरवला, गालाला लावून कुठं अडतोय का ते पाहिलं. मग शेठला म्हणाले, "दात दाखवा." शेठला काही कळेना. आप्पांनी स्वतःच खिशातल्या चाकूनं मोटरीचं झाकण उचकटलं आणि आतली दातेरी चक्रं उन्हाला धरली.

"पिलास्टिकचं! आदत हाय ह्ये शेठ, दुधाचं दात अजून पडलं न्हाईत. वझ्याला चालायचं न्हाई."

"ओझं कुठं आहे आप्पा," मी म्हणाले, "ढुशीच तर मारायची आहे."

"मंग घ्या," असं म्हणून त्यांनी उपरणं काढलं. पुढचं सांगितलंच.

उपरण्याखाली काय ठरलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोघेही खुशीत दिसले. पाटी झाली, डोळे झाले, सेल ठेवायचा डबा झाला. स्क्रूड्रायव्हर मात्र आप्पांनी घेतला नाही, घरी बैलांची खुरं साफ करायचं हत्यार आहे म्हणाले. पकडही नको, कारण अडकित्ता आहे. सेल जिवंत की मेलेला हे बघायचं मीटर घ्या म्हटलं, तर त्यांनी चौकोनी सेल जिभेला लावून दाखवला आणि "जित्ता हाय" म्हणून खिशात टाकला. कांतीशेठ हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही दर रविवारी आणत जा यांना."

घरी येऊन पिशवी उपडी केली तर वायरींचं बंडल नव्हतं. मोटरींबरोबर लाल-काळ्या वायरी मिळतात, त्या मी स्वतः बघितल्या होत्या.

"वायर कुठं आहे आप्पा?"

"शेठला दिली माघारी."

"का?"

"दावं मालकाचं असतंय," आप्पा म्हणाले. मलाच काही कळत नाही असा त्यांचा चेहरा होता.

बाजारात बैल विकला जातो, त्याच्या गळ्यातलं दावं विकलं जात नाही. ते मूळ मालक सोडून घेतो, नाहीतर दाव्याबरोबर त्याच्या गोठ्याची बरकत जाते. नव्या धन्यानं नवं दावं आणायचं. आप्पांनी चाळीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता, तो ते कांतीशेठसाठी कशाला मोडतील? शेठनं बिचाऱ्यानं का म्हणून विचारलं असणार, पण ते आप्पांना ऐकू गेलं नसणार. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा नारायणगावला गेले आणि नवं दावं विकत आणलं. शेठनं तेच बंडल मला दिलं. मी आप्पांना तसं सांगितलं नाही.

त्या खेपेत एक खरेदी मी हट्टानं केली, सोल्डरिंगची विजेवर तापणारी सळई. कारण आदल्या संध्याकाळी आप्पांनी जनावरांना डाग द्यायची बारीक सळई चुलीत लाल करून घरातल्याच जुन्या वायरीचा तुकडा जोडायचा प्रयत्न केला होता. वायर जोडली गेली, पण खालचा एक डोळा वितळून गेला. "एकडोळ्या चालंल का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हा दुसरा डोळाही आणावा लागला. कमी खर्चात रोबो बनवायचा असेल तर माझा एवढाच सल्ला आहे: आपल्या हाताशी असलेल्या हत्यारावर फार विश्वास ठेवू नये.

आता माझीही एक गोष्ट कबूल करते. वीस वर्षं मी फळ्यावर मोटरीची आकृती काढत आले. बाणासकट, ध्रुवांसकट. पण प्रत्यक्ष मोटर मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली ती आप्पांच्या ओट्यावर. पाटीवर लिहिलेलं होतं की ही गाडी पांढऱ्या फरशीवर काळ्या पट्टीनं चालते. आप्पांच्या घरात शहाबादी फरशी, काळसर. तिच्यावर काळी पट्टी कुठली दिसणार? मी दोन संध्याकाळी वहीत आकृत्या काढत बसले. आप्पांना एकदा सगळं ओरडून समजावलं, की पट्टा पांढुरका आणि फरशी काळी असली की ही उलटीकडं वळते, पट्ट्यावर यायच्या ऐवजी बाहेर जाते.

"मंग कासरा उलटा लावलाय," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"डावा कासरा वढला की गाडी डावीकडं जाती. ह्यात डाव्या डोळ्याचा कासरा डाव्या बैलाला लावलाय, त्यो उजव्याला लावा. आन् पट्टा चांगला चार बोटं रुंद ठिवा, दोनी डोळं आत ऱ्हायला पायजेत."

मी वायरी अदलाबदल केल्या. गाडी पट्ट्यावर आली. मी वही मिटली.

पट्टा कशाचा, तर बैलांच्या शिंगांना लावायचा चंदेरी रंग आप्पांकडं डबाभर उरला होता. बैल विकले, रंग राहिला. गुडघ्यावर बसून, अर्धा तास कण्हत, त्यांनी मधल्या खोलीपासून सोप्यातून, म्हणजे पुढच्या पडवीतून, ओट्यापर्यंत पट्टा ओढला. वाटेत उंबरठा. त्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी फळीचा उतार केला, आणि फळीवरही रंग. मावशी खाटेवरून सूचना देत होत्या, त्या आप्पांना ऐकू येत नव्हत्या, म्हणून मी मध्ये उभी राहून ओरडून सांगत होते.

"म्हनावं, सोप्यात वाकडं गेलंय!"

"आप्पा, सोप्यात वाकडं गेलंय!"

"तिला म्हना, बैलाला सरळ रस्ता मानवत न्हाई."

मावशी हसल्या. खुब्यात कळ आली म्हणून लगेच थांबल्या, पण हसल्या. पडल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मग शेवटची अडचण. गाडी सतत एका अंगाला कलायची. डोळे तिला परत आणायचे, पण वाकडी-तिकडी, दारू प्यायल्यासारखी, आणि उंबरठ्याच्या उतारावर तर सरळ खाली पडायची. दोन मोटरींतली एक जरा जोरकस होती. कांतीशेठनं फोनवर दुसरी देतो म्हटलं, आप्पांनी नकार दिला. "जोडी फोडायची न्हाई." त्यांनी गाडी तळहातावर घेऊन दोन्ही चाकं फिरताना बघितली आणि सेलचा डबा सोडवून जोरकस मोटरीच्या बाजूला सरकवला. थोडा अजून सरकवला. गाडी सरळ गेली.

"दांडग्या बैलावर भार टाकायचा, रोड्याला सवलत द्यायची," ते म्हणाले. "जुवाची खाच अशीच सरकवत्यात, बाई. शाळंत न्हाई का शिकवत?"

शिकवतो. तरफेच्या धड्यात आहे. पण मला ते तसं कधी दिसलं नव्हतं.

सगळं झाल्यावर त्यांनी गाडीला एक घुंगरू बांधलं. मी म्हणाले, आप्पा, तुम्हाला कुठं ऐकू येणार?

"मला न्हाई. तिला. गाडी चाललीय, पोचलीय, येवढं तिला कळाया नको? न्हाईतर बसंल आपली वाट बघत."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग बराच वेळ गाठ पक्की करत राहिले. शेवटी खाली मान घालूनच म्हणाले, "त्या दिवशी ती तीन तास हाका मारत व्हती. मला म्हनली, घटकाभरच झाला आसंल. मला सगळं ठाव हाय, बाई. मी दुपारी तांब्या भरून ठिवला तवा किती वाजलं व्हतं त्ये मला ठाव हाय."

काही बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.

पंधरावा दिवस रविवार होता. मंगल सकाळच्या एसटीनं आली. हातात मोकळी बॅग, आईचे कपडे भरायला. तिनं चंदेरी पट्टा बघितला, फळ्या बघितल्या, गाडी बघितली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वर्गात उभं केल्यासारखं झालं.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"एकदा बघून तर घे," मी म्हणाले.

आप्पा ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडं तोंड करून, अगदी नेहमीसारखे. फक्त पाठ ताठ होती. आत मावशींच्या खाटेशी गाडी ठेवली होती. मावशींनी हात खाली सोडून बटण दाबलं. गाडी निघाली. घुंगरू वाजायला लागलं. सोप्यातलं वाकडं वळण तिनं निभावलं. उंबरठ्याच्या उतारावर चढताना ती थांबली, मागं आली. मंगलनं हात पुढं केला, मी तो धरला. गाडीनं पुन्हा जोर केला, चढली, पलीकडं उतरली, ओट्यावर गेली आणि आप्पांच्या टाचेला तिनं ढुशी दिली.

आप्पा उठले. गाडी काखेत मारली आणि आत गेले. आम्ही दोघी दारातून बघत होतो.

"काय पायजे?" आप्पांनी विचारलं.

मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"पानी पायजे?"

मावशींनी मान हलवली, नको.

"गोळी ऱ्हायली का?"

नको.

"मंग बलावलं कशाला?"

मावशी ओठ ठळक हलवत, सावकाश म्हणाल्या, "नुस्तंच."

आप्पा तसेच उभे राहिले. पोरगी बघतेय, शेजारीण बघतेय, दिवसाढवळ्याची वेळ. त्यांनी गाडी खाली ठेवली. उपरण्यानं उगाच तोंड पुसलं. आणि मग खाटेच्या कडेला, मावशींचा पाय दुखणार नाही इतकी जागा सोडून, बसले.

मंगलनं बॅगची चेन ओढून घेतली. बॅगेत काहीच नव्हतं. संध्याकाळच्या एसटीला ती एकटीच गेली. जाताना मला म्हणाली, "सेल संपू देऊ नका, बाई. मी दर महिन्याला पाठवते."

पण सेल कसले पुरतात! गाडी दिवसातनं दहा-दहा वेळा धावते. पाणी हवं म्हणून दोनदा, गोळीसाठी एकदा, आणि उरलेल्या वेळी, मला संशय आहे, कशासाठीच नाही. एकदा मी मावशींना विचारलंच, की एवढं काय काम असतं हो तुमचं?

त्या गोधडीचा टाका चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "उभा जलम त्यांनी हाक मारायची आन् मी हातातलं टाकून पळायचं, बाई. मी कंदी बलावलं न्हाई. बलावतं का कुनी नवऱ्याला? आता बलावते. आन् ते येत्यात."

परवा दुपारी मी त्यांच्याकडं ताक द्यायला गेले होते. सेल पार उतरले होते. मावशी बटण दाबत होत्या, गाडी जागची हलत नव्हती. मी म्हणाले, थांबा, घरून नवे आणते. तेवढ्यात सोप्यात पावलं वाजली आणि आप्पा आत आले. त्यांनी गाडीकडं बघितलंही नाही.

"लई येळ झाला, बलावलं न्हाईस," ते मावशींना म्हणाले. "म्हनलं, रुसलीस का काय?"